हिरव्या कापडाखाली

माझ्या आत्याला एक परकी भाषा येत होती आणि ती सगळी टपालातून आली होती. शिवणयंत्रांचे सुटे भाग मागवणाऱ्या एका कंपनीत ती एकतीस वर्षं परदेशी पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसली. आलेलं पत्र वाचून साहेबांना आपल्या भाषेत सांगायचं, साहेब म्हणतील ते त्या भाषेत टाइप करायचं. त्या देशातलं एकही माणूस तिने पाहिलं नव्हतं. दर महिन्याला येणाऱ्या निळसर पाकिटांना मात्र मशीनच्या तेलाचा आणि ओलसर लाकडाचा वास असायचा, आणि आत्या पाकीट फोडण्याआधी ते नाकाशी धरायची. एवढीच तिची त्या देशाशी ओळख.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी आमच्या चर्चमधले डॉक्टर डोळ्यांच्या शिबिरासाठी त्या देशात निघाले. उपासना संपल्यावर पाळकांनी विचारलं, "तिकडची भाषा कुणाला येते का?" आत्याचा हात वर गेला. ती सांगते, आधी हात गेला, मग मी त्याच्या मागून गेले.

घरी आईने कपाळाला हात लावला. "वन्सं, तिकडे जाऊन लोकांना काय सांगणार? बॉबिन संपलंय म्हणून?"

"वहिनी, डोळा म्हणजे तरी काय, एक बारीक यंत्रच की."

"हो, आणि बिघडला तर सुटा भाग पुढच्या बोटीने येईल."

बाबा पेपरामागून खुदकन हसले आणि आत्या बॅग भरायला आत गेली.

आईची काळजी अगदीच पोकळ नव्हती. आत्याला 'माहीत नाही' म्हणता येत नसे. रस्ता विचारणाऱ्याला ती ठामपणे कुठल्या तरी बाजूला धाडून द्यायची. पत्रात शब्द अडला की पुढचं-मागचं बघून जुळवून घ्यायची. तसं जुळवताना एकदाच चूक झाली आणि सुयांऐवजी सुयांचे रिकामे डबे आले, एक हजार. त्याबद्दल कुणी बोललं की ती म्हणे, "डबे चांगले होते."

पुढचं सगळं तिने मला एका बैठकीत सांगितलेलं नाही. चादरीच्या घड्या घालताना, शेंगा सोलताना, कधी दुपारची झोप नुकती मोडलेली असताना ती त्यातला एखादा तुकडा सांगायची. त्या तुकड्यांना मीच ओळीने लावते आहे.

गावाबाहेरच्या जुन्या दवाखान्यात शिबिर होतं. एक लांबच लांब व्हरांडा, त्यात भिंतीला लागून बाकं, बाकांवर माणसं. खिडक्यांना पांढरे पडदे होते आणि ऊन त्यांच्यातून दुधातून आल्यासारखं यायचं. सगळ्या वस्तूंच्या कडा विरघळलेल्या. आत्याला वाटे, इथल्या माणसांना दिसतं तसंच आता मला दिसायला लागलंय. बाकावरची माणसं आवाजाच्या दिशेने हळूच मान वळवायची, आणि तो आवाज आत्याचा असायचा.

पहिल्या दिवशी एका आजीबाईंना तपासणीच्या यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगायचं होतं. आत्या म्हणाली, "आपणांस कळवण्यात येते की आपण आपली हनुवटी सदर ठिकाणी ठेवावी." आजीबाईंनी मागे वळून पाहिलं, एवढं अदबीने बोलावं असं कोण आलंय म्हणून. मग सगळं बाक हसायला लागलं. डॉक्टरांनी केलेल्या सकाळच्या प्रार्थनेचंही तेच झालं. 'प्रभू, आमचे हात स्थिर ठेव' हे आत्याच्या तोंडून 'आमचे हात स्थिर राहतील अशी आपण कृपया त्वरित व्यवस्था करावी' असं निघालं. पण आमेन सगळ्यांनी मनापासून म्हटलं.

तिसऱ्या दिवशी एक अंडी विकणारी बाई आली. डॉक्टरांनी विचारलं, "आधीची काही औषधं चालू आहेत का?" बाई छातीवर हात ठेवून बरंच काही बोलली, भरभर, तोंडातल्या तोंडात. आत्याला त्यातलं निम्मं कळलं. डॉक्टरांची पेन्सिल कागदावर थांबली होती, मागे रांग होती.

"नाही," आत्या म्हणाली. "काही नाही."

डोळ्यातला दाब उतरवायचे थेंब घेऊन बाई गेली. आत्या पुढच्या माणसाकडे वळली, पण छातीवरचा तो हात दिवसभर तिच्या नजरेसमोर राहिला.

वेताच्या खुर्च्या विणणारे एक म्हातारे पाचव्या दिवशी आले. त्यांचा एक डोळा लहानपणीच वेताची काडी उडून गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू इतका पिकला होता की दारातून पाहिलं तरी दिसावा. लेकीने त्यांना दंडाला धरून आणलं होतं.

"चार वर्षं मागे लागलेय यांच्या," लेक आत्याला म्हणाली. "म्हणतात, आहे तोही घालवतील."

"मग? घालवला तर तू देणार आहेस का आपला?" म्हातारे म्हणाले.

"देईन की. मग तुम्ही माझ्या डोळ्याने बघा, म्हणजे कळेल घरात किती पसारा करता ते."

म्हातारे हसले नाहीत. आत्याच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाले, "बाई, खुर्ची मी अंधारात विणतो. हाताला कळतं. पण अजून उजेड आणि सावली एवढं तरी दिसतं. दार कुठे आहे ते कळतं. तेवढं जायला नको."

आत्याने हे शब्दाला शब्द डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तो एकच डोळा पुन्हा एकदा तपासला. मग म्हणाले, "त्यांना सांगा, मान हलवायची नाही, खोकायचं नाही. खोकला येतोय वाटलं तर आधी सांगायचं. डोळा उघडा असताना एक जोराचा खोकला आला तर मी काही करू शकणार नाही. आणि ताई, तुम्ही हात धरून बसा."

तेच आत्याचं तिथलं खरं काम झालं होतं. या शस्त्रक्रियेत माणूस जागा असतो. तोंडावर हिरवं कापड, त्याला डोळ्यापुरती खिडकी, वर दिवा. आत्या बाजूच्या स्टुलावर बसून हात धरायची, कापडाची कड जराशी उचलायची आणि आत बोलत राहायची. 'झालंच', 'छान', 'आता थोडं गार लागेल'. आत हिरवा उजेड असायचा, पाण्याच्या तळाशी असतो तसा. तिथे आपला आवाज आपल्यालाच अनोळखी लागतो, ती म्हणाली. तिची पत्रातली भाषाही तिथे मऊ व्हायची, कागद भिजल्यासारखी.

म्हाताऱ्यांचं सुरुवातीला ठीक चाललं होतं. मग दिव्याचा उजेड वाढला, डॉक्टरांनी डोळा उघडला आणि कापडाखालून बोलणं सुरू झालं. हळू, मग भरभर. आत्याने कान लावला. ती आत्याच्या पत्रांतली भाषा नव्हती. त्या गावातही पाच दिवसांत कानावर न पडलेली, खडबडीत, मध्येच गळ्यात अडकणारी कुठली तरी भाषा. म्हातारे घाबरून कुठेतरी फार मागे गेले होते आणि तिथून बोलत होते. त्यांची बोटं आत्याच्या हातात रुतत होती.

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून मान न काढता विचारलं. "दुखतंय का? दुखत असेल तर अजून भूल देतो. नाहीतर पुढे जातो. मोतीबिंदू निघतोच आहे."

आत्याने म्हाताऱ्यांना पत्रांतल्या त्या भाषेत दोनदा विचारलं. उत्तर त्याच खडबडीत भाषेत आलं. आत्याच्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'प्रार्थना करतायत.' आवाजाचा चढउतारही तसाच होता. अवजारं हातात देणाऱ्या सिस्टरनेही मान डोलावली असती. एवढं म्हटलं असतं तर डॉक्टर पुढे गेले असते.

"मला कळत नाही," आत्या म्हणाली.

"काय?"

"ते काय बोलतायत ते. एक शब्दसुद्धा कळत नाही, डॉक्टर. दुसरीच भाषा आहे. दुखतंय की काय, मला सांगता येणार नाही."

ती सांगते, हे बोलताना माझे कान तापले, भर साठीत, शाळेत उभं केल्यासारखे.

डॉक्टरांनी हातातलं अवजार बाहेर काढलं, डोळ्यावर ओला बोळा धरला आणि थांबले. घड्याळ वाजत होतं. एक श्वास, दोन, तीन. आणि म्हातारे खोकले. खोल, पोटातून, तीन वेळा. टेबल हललं, ट्रेमधली अवजारं किणकिणली.

डॉक्टर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "डोळा शाबूत आहे. पण आता हे शांत पडले पाहिजेत, ताई. कसंही करा."

म्हातारे थरथरत होते. आत्याच्या त्या भाषेतले शब्द संपले होते. तिने कापडाखाली तोंड नेलं आणि आपली घरची भाषा बोलायला लागली. काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून आमच्या घराचा जिना चढायला लागली.

"हे बघा, खालचं दार जरा उचलून ढकलावं लागतं. ही पहिली पायरी. ही दुसरी. तिसरीला कोपरा उडालाय, सांभाळून. चार. पाच. इथे पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या चपला असतात, कितीदा सांगितलं तरी तिथेच. सहा. सात. आता जरा थांबू, दम खाऊ. घाई नाही आपल्याला."

त्यांना यातलं एक अक्षर कळत नव्हतं. तेही मधून मधून आपल्या भाषेत दोन शब्द बोलत, सावकाश, कुणाला तरी हो-हो म्हटल्यासारखे. ती एक पायरी चढे, थांबे, ते काहीतरी म्हणत. बोटं सैल होत गेली. वर डॉक्टरांचे हात पुन्हा चालू झाले. आत्या म्हणते, त्या वेळी मला खरंच जिन्यातला गारवा लागत होता, आणि कुणीतरी माझ्याबरोबर, एक पायरी मागे, चढत होतं.

ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचली आणि डॉक्टर म्हणाले, "झालं."

हात धुताना ते म्हणाले, "ताई, त्या चपलांचं मनावर घ्या एकदा."

आत्या हसली नाही. "डॉक्टर, परवाच्या अंडीवाल्या बाई. त्या औषधांबद्दल बोलल्या ते मला कळलं नव्हतं. मी 'नाही' म्हणून टाकलं."

डॉक्टरांनी नळ बंद केला. रागावले असते तर बरं झालं असतं, आत्या म्हणते. ते फक्त म्हणाले, "पत्ता आहे का?" आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सिस्टरला घेऊन दोघं निघाले.

बाई घरीच होती. तिला खरोखरच हृदयाच्या गोळ्या चालू होत्या, आणि त्या थेंबांनी तिचं मोठं नुकसान झालं असतं. पण बाटली फळीवर तशीच होती, न फोडलेली.

"तू सांगितलंस ते नीट कळलं नाही मला," बाई ओशाळून म्हणाली. "दिवसातून दोनदा की दोन दिवसांतून एकदा? एवढं छान बोलत होतीस, परत कसं विचारायचं? म्हणून ठेवून दिली."

आत्या तिच्याजवळ जमिनीवर बसली. या वेळी तिने प्रत्येक गोळीचं नाव विचारलं, कळेना तेव्हा पाकीट मागितलं, तरी कळेना तेव्हा पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात पट्ट्या काढायच्या होत्या. म्हातारे तिसऱ्या खुर्चीवर बसले होते, हात गुडघ्यांवर, श्वास धरून. मागे लेक उभी. आत्याने आपलं स्टूल त्यांच्या जवळ ओढलं.

डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला. म्हाताऱ्यांनी पापणी उघडली, मिटली, परत उघडली. पडद्यातून येणारं ते दुधी ऊन त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"किती बोटं, विचारा," डॉक्टर म्हणाले.

आत्याने विचारलं.

"तीन. आणि अंगठ्याचं नख कापायला झालंय."

लेक हसता हसता रडायला लागली. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. "बारीक झालीस की गं. मला सांगितलं नाहीस."

मग ते आत्याकडे वळले. बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आवाजाचं माप चेहऱ्याला लावून बघावं तसे.

"काल तुम्ही ती कुठली भाषा बोलत होतात?"

"घरची."

"काहीतरी चढत होतात ना? थांबून थांबून?"

आत्याने मान हलवली. "जिना. आमच्या घरचा. आणि तुम्ही काय बोलत होतात?"

त्यांनी आठवून पाहिलं. लेकीकडे पाहिलं, तिने खांदे उडवले. "बाबांना दुसरी भाषा येते हेच मला ठाऊक नाही," ती म्हणाली.

"आई बोलायची ती," म्हातारे म्हणाले. "मला वाटत होतं, गेली. कालचं काही आठवत नाही. तुमचा जिना तेवढा आठवतो." ते जरा पुढे झुकले. "मग पोचलात का वर?"

"नाही. मध्येच तुमचं झालं."

"मग चढा की. मला कुठे जायचंय."

"काय म्हणतायत?" डॉक्टरांनी पुढच्या पट्टीला हात घालत विचारलं.

"थांबा जरा, सांगते," आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणापासून, आपल्या घरच्या भाषेत, पुढची पायरी चढली. म्हातारे डोळा उघडा ठेवून तिच्या ओठांकडे बघत राहिले.