न दिसणारा रस्ता आणि आट्यापाट्या

यशोधरा भिंगारदिवे कोल्हारला परत आली ती नगरच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून. नोकरी वाईट नव्हती. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ती होती, आणि तिथल्या जुन्या मशिनी तिच्या हाताखाली बऱ्यापैकी सरळ चालत. पण वडील सहादू वारल्यावर आई भागिरथी एकटी पडली, आणि नगरला यायला ती तयार होईना. म्हणून अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात यशोधरानं सामान आवरलं आणि मनमाड रस्त्यावर, देवीच्या देवळाकडे वाट फुटते तिथल्या एका गाळ्यात कॉम्प्युटर क्लास काढला.

गाळा कानिफनाथ कडूंचा होता. त्यांना गावात सगळे अण्णा म्हणत. अण्णांचा मुलगा हर्षल बी.कॉम. होऊन घरी बसला होता. उसाच्या शेतीत त्याचं मन नव्हतं. तो क्लासात भागीदार झाला. जागा त्याची, तीन मशिनी तिच्या. शिकवायचं तिनं, आणि माणसं आणायची त्यानं. हर्षल तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, तिला ताई म्हणायचा. गावकुसाबाहेरच्या भिंगारदिव्यांच्या मुलीबरोबर भागीदारी केली म्हणून गावात कुजबूज झाली, पण ती फार टिकली नाही. क्लास चालला की लोक क्लासाविषयी बोलतात.

दिवसा तिथं टायपिंग आणि हिशेब शिकवले जात. संध्याकाळी गेम. त्यातला एक गाडी पळवायचा गेम गावाला फार आवडला. वळणं, बोगदे, मागून येणाऱ्या गाड्या, आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज. सगळ्यांत पक्का गिऱ्हाईक होता छगन. तो कोल्हार-लोणी जीप चालवायचा. दिवसभर खरी गाडी चालवून संध्याकाळी हा माणूस पुन्हा पडद्यावर गाडी चालवायला येतो, याचं यशोधराला नवल वाटायचं. तिनं एकदा विचारलंही.

"म्याडम, जीपमधी मागं पंधरा मानसं बसल्याली असत्यात," छगन म्हणाला. "हितं मी एकलाच."

पुढच्या एप्रिलच्या अखेरीस एक व्हायरस आला. तो कुणाच्या तरी फ्लॉपीतून आधीच येऊन बसला होता आणि त्याची तारीख यायची वाट बघत होता. त्या सकाळी तिन्ही मशिनी सुरू केल्या तर पडदे काळे. डिस्कवरचं सगळं पुसलं गेलं होतं. मुलांची कामं गेली, विंडोज गेलं, गेमही गेले. विंडोजची सीडी नगरहून कुणाकडून तरी नकलून आणलेली. ती पुन्हा घालायची तर पुन्हा त्याच हातांतून फिरलेली घालायची. यशोधराला ते नको होतं. एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या दुसऱ्या प्रणालीची, सीडी तिच्याकडे होती. ती कुणीही घालावी, नकलावी, आतलं कोड उघडून बघावं, अशी मुभाच होती. कारखान्यात तिनं त्याच्यासारखीच जुनी प्रणाली वापरलेली. तिनं तिन्ही मशिनींवर लिनक्स घातलं. हर्षलनं ते चालवून घेतलं, कारण त्या आठवड्यात त्याच्याकडे दुसरा काही उपाय नव्हता.

टायपिंग शिकणाऱ्यांना फरक पडला नाही. फरक पडला संध्याकाळी. लिनक्सबरोबर त्याचे स्वतःचे गेम आले होते: पत्ते, एक साप, एक विटांची भिंत फोडायचा. ते अडखळत नसत, बंद पडत नसत. पण त्यांत गाडी नव्हती. गाडीचा गेम विंडोजसाठी लिहिलेला. त्याच्या सीडीकडे लिनक्स ढुंकून बघेना. छगन दोन दिवस आला, साप खेळला, आणि यायचा थांबला. त्याच्यामागे बाकीचेही.

मग हर्षलनं शोध लावला. त्याच मासिकात त्यानं वाचलं की वाइन नावाचा एक प्रोग्रॅम आहे, तो विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवतो. यशोधराला ते ऐकून माहीत होतं. वाइन म्हणजे मधला दुभाषा. गेम विंडोजशी बोलल्यासारखा बोलतो, वाइन ते ऐकते आणि लिनक्सला त्याच्या भाषेत सांगते. ती अजून अर्धवट आहे असं तिच्या करणाऱ्यांनीच लिहून ठेवलं होतं. दोघं कामाला लागले. आठवडाभर गाळ्यात दुसरा विषय नव्हता, आणि तो अण्णांच्या कानावर गेला.

अण्णा दुपारी गाळ्यात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"हर्षल, मला एक सांग," ते म्हणाले. "काल तू फोनवर कुनाला म्हनत हुता का, सकाळपासून वाइन चालू हाय, तरी चढंना?"

हर्षलचा चेहरा पडला. यशोधरानंच सगळं समजावून सांगितलं. पडदा दाखवला, सीडी दाखवली. अण्णांनी नीट ऐकून घेतलं.

"नाव बदला," ते म्हणाले. "माझा गाळा देवीच्या रस्त्यावर हाय." आणि गेले.

तेव्हापासून गाळ्यात वाइनला दुभाषा म्हणायची पद्धत पडली.

दुभाष्यावर गेम सुरू झाला, पण कसा? गाडी दिसायची, डोंगर दिसायचे, रस्ता मात्र दिसायचा नाही. त्या जागी नुसता काळा पट्टा. आवाजही नाही. हर्षलनं तरी छगनला बोलावून आणलं. छगन बसला, थोडा वेळ बघत राहिला आणि गाडी सुरू केली. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, बोगद्यातून गाडी काढली. रस्ता त्याला पाठ होता.

"दिसत न्हाई तरी कसं जमतंय?" यशोधरानं विचारलं.

"धुक्यात जीप चालवतो तसंच," तो म्हणाला. "पन रोज धुक्यात कोन चालवंल?"

ते बोलणं तिच्या डोक्यात राहिलं. वाइनचं सगळं कोड सीडीवर होतं. ती ते उघडून वाचायला लागली. पंधरा-वीस दिवसांनी कारण सापडलं. गेम म्हणायचा, रस्त्याचं चित्र पडद्यावर टाक. दुभाषा म्हणायचा, टाकलं. प्रत्यक्षात तो काहीच टाकायचा नाही, कारण ते काम त्याच्यात अजून कुणी लिहिलंच नव्हतं. गेम अडू नये म्हणून नुसती होकाराची ओळ होती. यशोधरानं ते काम लिहिलं. नीट नाही, त्या एका गेमपुरतं. रस्ता दिसायला लागला. आवाज आला नाही, पण रस्ता आला. त्या संध्याकाळी गाळ्याबाहेर चपलांची रांग लागली, आणि यशोधरा खुश होती हे हर्षलला तिच्या चालण्यावरून कळलं.

पावसाळ्यात क्लासाला नवा प्रिंटर आला. जुन्या लिनक्सला तो ओळखू येईना, म्हणून तिन्ही मशिनींवर नवं लिनक्स घालावं लागलं. नव्यावर तिची दुरुस्त केलेली वाइन बसेना. नवी वाइन घेतली तर तिच्यात आतली मांडणी बदललेली. पुन्हा कोड वाचणं, पुन्हा शोधणं. रस्ता परत आणला, तर गेम मधेच गोठायला लागला: कधी पाच मिनिटांनी, कधी शेवटच्या वळणावर.

"असं किती दिवस करायचं?" ती हर्षलला म्हणाली. "तो गेम ज्यांनी लिहिला त्यांनी लिनक्ससाठी लिहिलेलाच नाही. आपण रोज त्याची समजूत काढतोय. एक गोष्ट जुळवली की दुसरी निसटते. आणि आत काय बिघडलंय ते बघता येत नाही, कारण गेम बंद पेटी आहे."

"मग काय करायचं?"

"लिनक्ससाठीच लिहिलेला गेम ठेवायचा."

"असा गाडीचा गेम आहे का?"

"अमेरिकेत एक कंपनी आता विंडोजचे गेम लिनक्ससाठी नव्यानं बांधून विकते म्हणतात. आपल्याकडे कधी येतील सांगता येत नाही."

"ताई, तुमचं बरोबर आहे," हर्षल म्हणाला. "पण छगनला त्याच्याशी काय करायचंय? तो गेम कुठल्या मशिनीसाठी लिहिलाय हे बघायला येत नाही. त्याला ती गाडी पाहिजे. ती दुभाष्यातून येऊ दे नाहीतर कशातून."

तिनं दुसरंच केलं. ती स्वतः गेम लिहायला बसली.

गाडी तिला जमली नसती. तिनं घेतला आट्यापाट्यांचा खेळ. जमिनीवर आखलेल्या आडव्या पाट्या, मधून जाणारी उभी सूरपाटी, प्रत्येक पाटीवर एक राखणारा, आणि त्यांना हुलकावण्या देत पार जाणारा गडी. रेघांचा खेळ, पडद्यावर काढायला सोपा. एका कीबोर्डवर दोघांनी खेळायचा. दुपारच्या रिकाम्या वेळात ती लिहीत गेली. गणपती आले, गेले. दसऱ्याच्या सुमारास गेम हलायला लागला.

तिनं आईला गाळ्यात आणून दाखवला. भागिरथी पडद्याच्या फार जवळ बसली. गडी सगळ्या पाट्या ओलांडून पलीकडे पोचला आणि पडद्यावर अक्षरं आली: जिंकलात.

"जिंकला कसा?" भागिरथी म्हणाली. "लोन कुटं हाय?"

"कसलं लोण?"

"पल्याड जायाचं, मूठभर माती लोन म्हनून उचलायची, आन् परत यायचं. परत आल्याशिवाय जिंकत न्हाईत. जाताना राखनारा गाफील सापडतो, येताना त्यो वाटच बघत उभा. खरा खेळ येताना."

यशोधरानं शाळेत हा खेळ पोचण्यापुरताच खेळला होता. तास संपायचा म्हणून बाईंनी तसा केला असावा.

"तू खेळायचीस?" तिनं विचारलं.

"लई. आमी आमच्या वस्तीम्होरं आखायचो. देवीम्होरलं पटांगन चांगलं हुतं, पन तिथं आमाला कोन खेळू देतंय?" भागिरथी हे सहज बोलली आणि सूरपाटीवरचा राखणारा, म्हणजे सूर, फार सावकाश पळतो, हे तिनं पुढं सांगितलं.

परतीचा प्रवास घातल्यावर गेम दुप्पट अवघड झाला, आणि चांगला झाला.

दिवाळीच्या सुट्टीत हर्षलनं स्पर्धा ठेवली. दोन मशिनींवर गाडी, एकीवर आट्यापाट्या. लोणीपासूनची पोरंपोरी आली, जीपचे ड्रायव्हर आले, अण्णा स्वतः दारात येऊन उभे राहिले. दुपारपर्यंत गाडीचा गेम दोनदा गोठला आणि दोन्ही वेळा मशीन बंद करून सुरू करावी लागली. तिसऱ्या वेळी छगन खेळत होता. तो पुढे होता, शेवटचं वळण राहिलं होतं, आणि पडदा थिजला. छगननं हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"मोजायचं का हे?" त्यानं विचारलं.

हर्षलनं यशोधराकडे बघितलं. ती म्हणाली, "नाही मोजता येणार."

आट्यापाट्या सकाळपासून एकदाही अडला नाही. क्लासातली मोनिका, बारावी झालेली मुलगी, त्यावर सगळ्यांना हरवत होती. लोण घेऊन परतताना ती सुराला अशी फसवायची की मागे उभे असलेले हसायचे. छगन तिच्याशी एक डाव खेळला आणि हरला. त्याला राग आला नाही. उठताना त्यानं हर्षलला हळूच विचारलं, "गाडी कवा सुरू व्हनार?"

यशोधरानं ते ऐकलं. संध्याकाळी वायरी गुंडाळताना ती म्हणाली, "हर्षल, तू एक विंडोजची मशीन घे. सीडीसकट, नीट दुकानातून. गाडी तिच्यावर ठेव."

"तुम्हाला चालेल?"

"दुभाष्याच्या मागं आणखी एक वर्ष घालवणं मला चालणार नाही."

तसं झालं. नवी मशीन दाराजवळ बसली, गाडी आवाजासकट परत आली, आणि छगनही. वाइन तिन्ही जुन्या मशिनींवरून काढून टाकली. यशोधराला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. तिला हलकं वाटलं. दुभाष्यात लिहिलेलं तिचं काम त्या एका गेमपुरतं होतं, ते गेलं. पण ते लिहिता लिहिता पडद्यावर चित्र कसं पडतं ते तिला कळलं होतं, आणि आट्यापाट्या त्यातूनच उभा राहिला होता.

डिसेंबरात हर्षलनं विचारलं की आट्यापाट्या नव्या मशिनीवर चालवता येईल का. दोन-तीन शाळांतल्या बाई मुलांसाठी मागत होत्या, आणि शाळांत सगळीकडे विंडोज. उलट्या बाजूनं एखादा दुभाषा मिळेल का, असंही त्यानं सुचवलं.

"दुभाषा नको," यशोधरा म्हणाली. "पडद्याचा भाग विंडोजसाठी वेगळा लिहिते. खेळ तोच राहील."

तिनं तसा लिहिला. लिनक्सचा गेम लिनक्सचा राहिला, विंडोजचा विंडोजचा. दोन्ही आपापल्या जागी न अडखळता चालले. शाळांत तो किती खेळला गेला ते तिला कळलं नाही. एका शाळेतून सूर फार वेगानं पळतो अशी तक्रार आली. तो वेग तिनं आईच्या सांगण्यावरून वाढवला होता. तिनं त्याचे हळू, मध्यम आणि जोरात असे तीन प्रकार करून दिले.

नव्या वर्षी क्लासाच्या पाटीवर एक ओळ वाढली: प्रोग्रॅम लिहायला शिका. पहिल्या तुकडीत चौघी मुली होत्या, त्यांत मोनिका होती. हर्षलनं त्यांच्यासाठी मागची खिडकी मोठी करून घेतली, कारण तिथं उजेड कमी पडायचा. पहिल्या दिवशी यशोधरानं त्यांच्याकडून पडद्यावर एक रेघ काढून घेतली. मग ती रेघ पुसायला सांगितली, कारण पडद्यावर गडी हलवायचा म्हणजे जुन्या जागी पुसून नव्या जागी काढायचा, आणि पुसल्यावर मागचं चित्र जसंच्या तसं कसं राहील, यावर तो तास गेला.