ग्रुपवरचं ‘निघालो’

भिजलेल्या हळदीचा वास आला की मला मिरजेतल्या एका दवाखान्याचा जिना आठवतो. आमच्या वस्तीतल्या दहा-बारा घरांनी व्हॉट्सॲपचा ग्रुप काढला होता, तो मुळी खळ्यावर वाळणाऱ्या हळदीसाठीच. आभाळ आलं की कुणीतरी "माझं खळं उघडं हाय" असं टाकायचं, लगेच "निघालो", "मीबी निघालो" असं यायचं आणि सर पडायच्या आत ताडपत्री पडायची. मग त्यात सगळं गाव आलं, पुण्याचे पाव्हणे आले, सीमेवरचे जवान आले, हळदीचे दलालही आले. त्या दुपारी आईला ॲडमिट करून मी जिन्यात उभा होतो. बाहेर अंधारून आलं होतं आणि शिजवून पसरलेली आमची सगळी हळद उघड्यावर होती. मी ग्रुपवर तसं लिहिलं. उत्तरांची रांगच लागली. जोडलेले हात, "काळजी घ्या दादा", "आईंना लवकर बरं वाटो". एकानं तर आमच्याच शिवारावरच्या ढगांचा फोटो टाकला. मी बोटानं वर-खाली करत एकच शब्द शोधत राहिलो. दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तर खळ्यात पिवळं पाणी साचलेलं. शेजारचा मित्र मान खाली घालून म्हणाला, "एवढी माणसं बोलत्यात म्हणल्यावर कुणीतरी गेलंच आसंल, आसं वाटलं गड्या." त्याच्या दारातून माझं खळं दिसतं. आजही आभाळ भरून आलं की ग्रुपवर ढगांचे फोटो येतात, सुंदर येतात. तेव्हा मी एकटाच ताडपत्री ओढत असतो.