नाव, बापाचं नाव, गाव

काशीराम निघाला होता मुंबईला, पण राहिला रत्नागिरीत. त्याच्या गावचे, लांज्याकडचे, सगळे बाप्ये बोटीनं मुंबईला जायचे, गिरणीत लागायचे आणि शिमग्याला कोरी टोपी घालून घरी यायचे. हा गडीही वळकटी घेऊन बंदरावर आला, आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात बसला, आणि पडाव लाटेवर असा काही उसळला की त्याचं उरलंसुरलं अवसान तिथंच गळालं. बोटीच्या शिडीला हात न लावता तो त्याच पडावातून परत आला. मुंबईला जायची छाती नाही आणि गावात तोंड दाखवायची सोय नाही. मग राजाभाऊंच्या छापखान्यात यंत्राचं चाक फिरवायला माणूस हवा होता, तिथं तो चिकटला.

चार यत्ता झालेल्या होत्या आणि नजर तेज होती, त्यामुळे दोन वर्षांत तो चाकावरून खिळ्यांवर आला. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. एकेका अक्षराचा लाकडी खण वेगळा. त्यातून एकेक उचलायचं, ओळीत लावायचं, आणि तेही उलटं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. काशीरामचा हात इतका बसला की खणाकडे न बघता तो ओळ लावायचा. राजाभाऊ ‘सिंधुवार्ता’ नावाचं चार पानी साप्ताहिक काढत. लिहिणारे ते, तपासणारे ते, गावाशी भांडणारे ते. आणि अक्षर न् अक्षर जुळवणारा काशीराम.

त्याचं लग्न झालं होतं. बायको सखू, पावसची. एकोणीसशे अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत ती तीन दिवसांत गेली. मागं तीन महिन्यांची मुलगी, सगुणा. काशीरामचे आईबाप आधीच वारलेले, घरात दूध पाजायला काय, पोरीला घ्यायलाही कोणी नाही. सखूचा भाऊ दादू पावसला एका बागायतदाराच्या कलमांची राखण करायचा. त्याच्या बायकोला, सावित्रीला, मूल नव्हतं. तिनं पोरीला पदराखाली घेतलं ते घेतलंच. दादू दारात उभा राहून म्हणाला, “हे बग काशीराम, तू सारकी येजा करू नको. पोर दोन ठिकानी ओडली जायल. मोटी झाली की सांगू तिला.”

काशीरामला ते पटलं. खरं म्हणजे त्या दिवशी त्याला कोणीही काहीही सांगितलं असतं तरी पटलं असतं.

चार वर्षांनी न राहवून तो एकदा पावसला गेला. पोरगी अंगणात नारळाच्या करवंटीशी खेळत होती. सखूचंच कपाळ, सखूचेच कान. तिनं याला बघितलं आणि सावित्रीच्या लुगड्याआड गेली. “ह्ये कोन?” असं तिनं विचारलं. सावित्री म्हणाली, “ह्ये रत्नांगिरीचे मामा.” मामा झाला बाप आणि बाप झाला मामा! काशीरामनं आणलेली चुरमुऱ्याची पुडी ओटीवर ठेवली, पाणी प्यायला आणि चालत परत आला. सावित्रीचा त्याला राग आला नाही. सांगायचं तरी दुसरं काय होतं तिनं? पण त्यानंतर तो पुन्हा गेला नाही. मनाला त्यानं एक समजूत घालून ठेवली होती. घरात काहीही म्हणोत. पोरीला शाळेत घालतील, तेव्हा मास्तर बापाचं नाव विचारील, आणि शाळेच्या पटावर कोणी खोटं लिहीत नाही. तिथं माझं नाव पडेल. वाचायला शिकली की ती स्वतःच विचारील, हा काशीराम कोण म्हणून. या समजुतीवर त्यानं सात-आठ वर्षं काढली. माणूस कशावर दिवस काढील याचा नेम नाही.

इकडे ‘सिंधुवार्ते’ची तब्येत ठीक नव्हती. वाचणारे सगळे राजाभाऊंच्या वयाचे किंवा त्याहून थोरले. दर दोन महिन्यांनी कोणीतरी वर्गणीदार वारायचा आणि राजाभाऊ स्वतःच त्याच्यावर मृत्युलेख लिहायचे. “काशीराम, आपण वर्तमानपत्र काढतो की तेराव्याच्या पत्रिका?” असं ते वैतागून म्हणत. “ही शाळेतली पोरं बघ. पेपर हातात पडला की पतंग करतात मेले. वाचतील तर शपथ!” पोरांसाठी म्हणून त्यांनी मध्यंतरी ‘बालबोध’ नावाचं सदर सुरू केलं. त्यात सत्य, संयम आणि लवकर उठण्याचे फायदे असत. पोरांनी पतंग आणखी जोरात केले.

मग एकोणीसशे अठ्ठावीस साली काशीरामच्या हातून ती चूक झाली. अंक छापून झाला की खिळे सोडवून परत आपापल्या खणात टाकायचे असतात. कोणता तरी ‘म’ चुकून ‘ह’च्या खणात पडला. आणि त्या आठवड्यात बातमी आली की बदलून आलेल्या मामलेदारसाहेबांचा नगरवाचनालयात सत्कार झाला. अंकात छापून आलं: ‘शेवटी टाळ्यांच्या गजरात साहेबांना मार घालण्यात आला.’

राजाभाऊंनी कपाळ बडवून घेतलं. मामलेदारांकडे जाऊन ते माफी मागून आले. काशीरामशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक कार्ड आलं, बोरूनं लिहिलेलं, शाईचे डाग पडलेलं. ‘रा. रा. संपादक यांस. मामलेदारसाहेबांस कोणी मारिले ते कळवावे. आमच्या वर्गात दोन तट पडले आहेत. शिवा आप्पा, आरे.’

राजाभाऊ कार्ड टाकून देणार होते. काशीरामनं ते उचललं आणि बराच वेळ बघत राहिला.

“राजाभाऊ, ह्या पोरानं पेपर वाचलान.”

“वाचलान, म्हणूनच अब्रू गेली ना आपली!”

“न्हाय वो, तसं न्हाय. सबेची बातमी वाचलान. मोटी मानसं वाचीत न्हायत ती. दर अंकात एक चूक मुद्दाम ठेवू या. कुटं हाय ते सांगायचं न्हाय. जो पोरगा पकडील त्याचं नाव छापायचं.”

राजाभाऊ असे काही बघायला लागले, की जणू काशीराम छापखाना पेटवू या म्हणाला होता. वीस वर्षं ज्या चुकांशी भांडलो त्या आता मुद्दाम करायच्या? पण मागच्याच आठवड्यात आणखी एक वर्गणीदार गेला होता. चार दिवस कुरकुर करून त्यांनी होकार दिला. अटी घातल्या. चूक एकच, आणि ती दोघांनी मिळून ठरवायची. पोरानं याशिवाय दुसरी, खरोखरीची चूक दाखवली तर तीही झाकायची नाही, त्याच्या नावानिशी दुरुस्ती छापायची. आणि आडनावं छापायची नाहीत. आडनाव आलं की जात आली, आणि जात आली की पोरांआधी बाप भांडतात. नाव, बापाचं नाव, गाव. बस.

काशीरामच्या डोक्यात ही युक्ती कुठून आली ते राजाभाऊंना कधी कळलं नाही. त्यांना एवढंच ठाऊक, की याची बायको साथीत गेली. मुलीचा विषय काशीरामनं कधी काढलाच नव्हता. पण आरेच्या शिवाच्या कार्डावर बापाचं नाव बघितलं आणि त्याच क्षणी त्याच्या मनात आलं, पावसच्या शाळेतही ‘सिंधुवार्ता’ जाते. सगुणा आता दहा वर्षांची. तिनं एक कार्ड टाकलं तर? ‘सगुणा काशीराम, पावस.’ तेवढ्यासाठी होता सगळा खटाटोप. बाकी पेपर जगला काय आणि मेला काय, त्याचं त्याला फारसं काही नव्हतं.

‘चूक पकडा’ हे सदर सुरू झालं आणि दोन-तीन महिन्यांत पोरांनी अंक डोक्यावर घेतला. चूक कुठंही असायची: कौन्सिलच्या वृत्तात, बोटीच्या वेळापत्रकात, सुपारीच्या भावात, कोर्टाच्या जाहिरातीत. त्यामुळे पोरं झाडून सगळं वाचायला लागली. मुरुडाहून कार्डं यायची, राजापुराहून यायची. पोरांना मुंबई इलाख्याचं अंदाजपत्रक तोंडपाठ झालं आणि बापांना घरी बसल्या परीक्षा द्यावी लागायला लागली. एका मास्तरांनी तक्रार केली, की मुलं आता फळ्यावरच्या माझ्याच चुका काढतात. राजाभाऊ इतके खुश, की तो ‘बालबोध’ त्यांनी मुकाट्यानं बंद केला.

दर आठवड्याला नावांची यादी काशीराम जुळवायचा. चिमा सदू, वरवडे. बाबल्या राघो, मालगुंड. रोज संध्याकाळी तो खोलीवर जायचा, भाताचं आदण ठेवायचा, एकटाच जेवायचा, आणि दिवसभर जुळवलेले लोकांचे बाप त्याच्या डोक्यात फिरत राहायचे. टपाल आलं की पावसचा शिक्का आधी बघायचा. पावसची कार्डं यायची, पण भलत्याच पोरांची. असं दोन वर्षं चाललं. आशा वाईट असते असं म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे दुसरं होतं काय?

तीस सालच्या श्रावणात ते कार्ड आलं. अक्षर गोल, ओळी सरळ. ‘गेल्या अंकात पान तिसरे, नारळ याचे जागी नारण पडले आहे.’ उत्तर बरोबर होतं. काशीरामनं उत्तर वाचलंच नव्हतं. त्यानं आधी खालची सही वाचली.

‘सगुणा दादू, पावस.’

त्यानं ती पुन्हा वाचली. खिळ्यांची उलटी अक्षरं सुलटी वाचणारा माणूस, पण या तीन शब्दांतून दुसरं काही निघेना. म्हणजे शाळेच्या पटावरही दादूच होता. पोरीला कोणी काही सांगितलेलं नव्हतं आणि आता सांगणारही नव्हतं. दादूनं लबाडी केली असं म्हणावं, तर बारा वर्षं तिला खाऊ-पिऊ घातलं, ताप आला तर उशाशी बसला, तो दादूच. याला रागही धड धरता येईना.

तो यादी जुळवायला बसला. ‘सगुणा’ लागलं. पुढं हात ‘द’च्या खणाकडे जायला हवा होता, तो ‘क’कडे गेला. त्यानं हाताला थांबवलं नाही. कळत होतं त्याला. चुकून झालं असं त्यानं कधी स्वतःशीसुद्धा म्हटलं नाही. एकदा, फक्त एकदा ते तसं छापलेलं बघायचं होतं. यादीतली नावं राजाभाऊ कार्डांशी ताडून बघत नसत. अंक निघाला. ‘सगुणा काशीराम, पावस.’ त्यानं एक अंक घरी नेला आणि दिव्याजवळ बसून ती ओळ इतक्यांदा वाचली, की भात करपला. बारा वर्षांत पहिल्यांदा त्याला खोली रिकामी वाटली नाही. कदाचित ती विचारील, असंही त्याच्या मनात आलं. कोण हा काशीराम, असं घरी विचारील, आणि मग दादूला सांगावंच लागेल.

आठव्या दिवशी राजाभाऊ टपाल फोडत होते आणि एकदम हसायला लागले.

“अरे काशीराम, ऐक हे. ‘गेल्या अंकात पान चौथे, माझ्या नावात चूक आहे. माझ्या वडिलांचे नाव दादू आहे. काशीराम असे आमच्या घरात कोणी नाही.’ तुझंच नाव घातलंस की रे मेल्या! दोन वर्षं लोकांची नावं लावून लावून हात भरकटला वाटतं तुझा?”

“भरकटला खरा,” काशीराम म्हणाला.

“बघ हं, स्वतःचं नाव छापून आल्याच्या आनंदातसुद्धा चूक सोडलीन नाही पोरीनं. मोठी माणसं सोडतात. छाप दुरुस्ती. आपला नियम आहे.”

काशीराम खणांसमोर उभा राहिला. हे दुसऱ्या कोणाला जुळवायला सांगता आलं असतं तर त्यानं हातापाया पडून सांगितलं असतं, पण छापखान्यात जुळवणारा तो एकटाच. ‘गेल्या अंकात सगुणा, पावस, हिच्या वडिलांचे नाव काशीराम असे चुकीने पडले आहे. ते दादू असे वाचावे.’ एकेक अक्षर त्यानं उचलून लावलं. या वेळी एकही खिळा इकडचा तिकडे झाला नाही. राजाभाऊंनी प्रूफ बघितलं आणि मान हलवली.

“शाबास. हुशार आहे हो कार्टी. कुणाची रे ही?”

काशीरामनं शाईचे हात फडक्याला पुसले आणि वर न बघता म्हणाला, “पावसच्या दादूची.”

“नशीब काढलंन दादूनं,” राजाभाऊ म्हणाले, आणि पुढचं कार्ड वाचायला लागले.