अलास्काला सप्टेंबरात

अलास्काची बोट कुठल्या महिन्यात पकडावी, हे अख्ख्या बंगळुरात माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. मी तिथे गेलेली नाही. आठ वर्षं नुसती वाचते आहे. मे महिन्यात डोंगरांवर बर्फ असतो, पाऊस कमी, डास जवळजवळ नाहीतच. जुलैत देवमासे आणि अस्वलं भरपूर, पण माणसंही भरपूर. सप्टेंबरात नशीब जोरावर असेल तर रात्री आकाशात हिरवा प्रकाश नाचताना दिसतो, नाहीतर डेकवर पावसात भिजत उभं राहायचं. माझा मे ठरलेला होता. जाणं तेवढं ठरत नव्हतं. आधी मुलीचं कॉलेज, मग येलहंक्याचा फ्लॅट, मग नवऱ्याचा गुडघा.

त्यामुळे माझ्या थोरल्या जावेने इंदिरानगरच्या तिच्या घरी चिवड्याची बशी पुढे करत, "पुढच्या वर्षी आम्ही अलास्काला जातोय," असं सहज सांगितलं, तेव्हा उचललेला चिवडा मी परत बशीत ठेवला. बाई स्वभावाने चांगली आहे, आणि तेच तर दुखणं आहे. वाईट असती तर मोकळेपणाने जळता आलं असतं. योगाच्या वर्गात कुणीतरी फोटो दाखवले, हिच्या मनात भरलं, की निघाली! मी आठ वर्षं काय माशा मारत होते?

"तू त्यातली जाणकार. महिना तूच ठरव," ती म्हणाली. "फक्त गौरींच्या आड येऊ देऊ नकोस."

आमच्या घरच्या गौरी तिच्याकडे बसतात. सासूबाईंनंतर मान थोरलीचा. दरवर्षी मी रजा काढून जाते, सोळा भाज्या चिरते, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका तिला म्हणतात, "काय सुरेख सजवल्यात हो!"

"सप्टेंबरचा मध्य घ्या, वहिनी," मी म्हटलं. "हिरवा प्रकाश दिसेल."

तिने बोटांवर मोजलं. यंदा गौरी ऑगस्टच्या अखेरीला आल्या होत्या. "म्हणजे पुढच्या वर्षी आणखी दहा-अकरा दिवस अलीकडे येतील. सप्टेंबरात मी मोकळी!"

पण पुढच्या वर्षी अधिक महिना होता. त्या वर्षी सण अलीकडे येत नाहीत, चांगले अठरा-वीस दिवस पुढे जातात. गौरी नेमक्या सप्टेंबरच्या मध्यावर येणार होत्या. तिचं शेवटचं बोट दुमडायच्या आत मला हे कळलं होतं. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करते, दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचाच पगार घेते. मी चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि गप्प बसले.

तिचं जाणं मोडावं, असं मला वाटत होतं. आणि मोडलं नाहीच, तर निदान माझा मे तरी तिने उष्टावू नये.

जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं आणि तिचा फोन आला. "अगं, अधिक महिना आहे! गौरी येतील तेव्हा आम्ही बोटीवर!"

"अय्या!" मी म्हटलं. इतकं खरं वाटणारं अय्या मी जन्मात कधी म्हटलं नसेल.

"तू बघितलं असशील म्हणून मी पंचांग उघडलंच नाही." आणि वर माझीच समजूत घालायला लागली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. चुकतं माणसाचं. आता तारीख काही बदलत नाही. यंदा गौरी तुझ्याकडे बसव."

हे मात्र माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

देवनहळ्ळीच्या विमानतळावर जाताना त्यांची टॅक्सी आमच्या दारात थांबली. ड्रायव्हर "अक्का, स्वल्प लवकर" म्हणत घाई करत होता. मुखवट्यांची पेटी ती इंदिरानगरपासून मांडीवर घेऊन बसली होती, डिकीत ठेवू दिली नव्हती. तिने पेटी माझ्या हातात दिली, पण तिची बोटं काही सुटेनात. माझं लक्ष तिच्या हातावरच्या नव्या कोऱ्या जाड जाकिटाकडे होतं. रंगही मी मनात ठरवलेला, तोच.

गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी बारा वाजता नैवेद्याचं ताट वाढते आहे, तोच तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे रात्र होती. मी पुरणाचे हात पदराला पुसले.

"वहिनी, आकाश दाखवा ना!"

तिने फोन फिरवला. नुसता काळोख आणि पावसाचा आवाज. "चार दिवस हेच चाललंय. ते राहू दे, गौरी दाखव."

मी कॅमेरा गौरींकडे वळवला. ती फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "धाकटीची नथ जरा खाली घे... नको, असू दे. छान दिसते." आणि थोड्या वेळाने, "माझ्याकडे कधी इतक्या प्रसन्न दिसल्या नाहीत गं."

तिचा तो आवाज मी ओळखला. मनातल्या मनात मी तिच्याशी कायम त्याच आवाजात बोलत आले आहे.

"काल बघायला आलेल्या बायका काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"म्हणाल्या, गौरी यंदा पहिल्यांदा स्वतःच्या घरी आल्यासारख्या वाटतात."

"हो का," ती म्हणाली, आणि पाऊस फार आहे असं सांगून तिने फोन ठेवला.

तसं कुणीच म्हटलं नव्हतं. आल्या होत्या त्या सगळ्या, थोरली कुठे दिसत नाही, एवढंच विचारत होत्या.