मोहाच्या लाडवांची लिंक

करिश्माला 'येथे क्लिक करा' या शब्दांचा भारी राग. कुठल्याही वेबसाइटवर ते दिसले की तिचं डोकं सणकतं. हा राग तिला प्रवीणभाऊने शिकवला. आता राग तेवढा उरलाय, भाऊ नाही.

पोंभुर्ण्याजवळच्या गावात तिची आई सोमारीबाई आणि आणखी नऊ बायका मोहाच्या फुलांचे लाडू करतात. त्यांची वेबसाइट करिश्मा सांभाळते. ती उभी करून दिली प्रवीणने. पोंभुर्ण्यात तो कॉम्प्युटर क्लास चालवायचा, करिश्मा त्याची विद्यार्थिनी. दर राखीला तो हात पुढे करून तिच्या घरी हजर.

तो सांगायचा, "आपण आपले लाडू कितीबी गोड म्हणू, सर्च इंजिन भाव नाई देत. दुसऱ्यानं आपली लिंक देतांनी कोणते शब्द लिहिले, ते वाचते ते. 'येथे क्लिक करा' लिहिलं तर त्याले काय समजन? 'मोहाचे लाडू' लिहिलं तर समजते, इथी लाडू भेटते."

झालं, आमची लिंक द्या म्हणत करिश्मा हात धुऊन लोकांच्या मागे लागली. जंगलावर ब्लॉग लिहिणारे निवृत्त मास्तर लटारूभाऊ, चंद्रपूरचं एक साप्ताहिक, वाघ बघायला येणारे हौशी लोक, कोणाला सोडलं नाही. सगळ्यांनी एकच घोकलेलं वाक्य लिहिलं तर यंत्राला बनाव वाटतो, हेही प्रवीणनेच सांगितलेलं. म्हणून ज्याने त्याने आपापल्या शब्दांत लिहिलं. दोन वर्षांत सतरा लिंका जमल्या. 'मोहाचे लाडू' शोधा, पहिलं नाव सोमारीबाईंच्या गटाचं! नागपूर-पुण्याहून फोन येत. दहा बायकांचे हात कधी रिकामे राहिले नाहीत.

यंदा दिवाळी तोंडावर आली, तरी फोन वाजेना. करिश्माने शोधून पाहिलं. पहिलं नाव भद्रावतीच्या कुठल्याशा नव्या दुकानाचं, आणि यांचं तिसऱ्या पानावर. तिने लटारूभाऊंचा ब्लॉग उघडला. निळी अक्षरं तीच होती, 'सोमारीबाईंच्या हातचे मोहाचे लाडू'. तिने ती दाबली. उघडलं ते भद्रावतीचं दुकान, आणि मालकाच्या फोटोत हसत उभा प्रवीण.

तिने लटारूभाऊंना फोन लावला.

"अवो, तुमच्या गटाच्या नावानं मेल आला होता ना," मास्तर गोंधळले. "पत्ता बदलला, नवा टाका म्हणून. मी टाकला. काऊन, काही चुकलं का?"

चुकलं होतं ते करिश्माचं. राखीच्या दिवशी, पुरणपोळी खाता खाता, प्रवीणने सतरा जणांची यादी मागून घेतली होती. "तुटलेल्या लिंका पाहून देतो." तिने आनंदाने दिली, वर आणखी तूप वाढलं.

प्रवीणने फोन उचलला. आवाजात लाज नव्हती. "बाजार सगळ्याइचा असते, करिश्मा. शब्द कोणाच्या मालकीचे नसते."

तिला रडू आलं ते लाडवांसाठी नव्हे. सख्खा मानला होता त्याला.

आईला लिंक समजावायला करिश्माला शब्द सापडेनात. मग तिने झाडाचं सांगितलं. इथे रानात ज्याचा त्याचा मोह ठरलेला असतो. कुंपण नसतं, राखण नसते, तरी दुसऱ्याच्या झाडाखालची फुलं कोणी वेचत नाही.

"आपल्या मोहाखालचं वेचलं का त्यानं?" सोमारीबाईंनी विचारलं.

"हो माय. टोपली मीच देल्ली."

"त्याले घरात जेवू घातलं आपण," एवढंच म्हातारी म्हणाली.

लटारूभाऊंनी त्याच दिवशी लिंक सुधारली. बाकी सोळा जणांना करिश्मा अजून लिहिते आहे. पाचांनी ऐकलं.

पण एक लिंक तिच्याच हातात होती. गटाच्या वेबसाइटच्या तळाशी तिने कौतुकाने लिहिलेलं, 'आम्हाला शिकवणारे प्रवीणभाऊ'. क्लासची वेबसाइट बंद करून त्याने त्याच वेब-पत्त्यावर दुकान थाटलं होतं, म्हणजे ही वाटही दुकानातच जात होती. करिश्माने ते शब्द पुसले आणि दातओठ खात लिहिलं, 'मोहाच्या लाडवांचा चोर'.

आणि थबकली. यंत्राला राग कळत नाही, शब्द कळतात. लाडवांचं नाव घेऊन त्याच्याकडे बोट दाखवणारी आणखी एक लिंक, आणि तीही तिच्या हातची! हेसुद्धा त्यानेच शिकवलेलं. मेल्याने शिवी द्यायचीही सोय ठेवली नव्हती.

तिने जुनेच शब्द परत लिहिले, कारण त्याने शिकवलं होतं हे काही खोटं नव्हतं. फक्त लिंक काढून टाकली. निळी अक्षरं काळी झाली. 'आम्हाला शिकवणारे प्रवीणभाऊ' अजून तिथेच आहे, कितीही दाबा, कुठेच जात नाही.