लालबागच्या फाटकापाशी

महानारायण तेलाचा वास आला की संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं, त्या दिवसांतले वडील आठवतात. आई ते तेल त्यांच्या पाठीला चोळायची; पाठीचं मांस पार झडलं होतं. दरबारातली कारकुनी सुटली, तरी संध्याकाळी ते मला घेऊन महाराजांच्या लालबाग राजवाड्यापर्यंत फिरायला जायचे. तिथवर त्यांचे पाय भरून येत, मग मांडीवर हात टेकून ते फाटकासमोर वाकत. वाकलं की कळ उतरायची. एकदा म्हातारा पहारेकरी गहिवरून म्हणाला, "बाबूजी, राज गया, पर आपका मुजरा नहीं गया!" मी खरं सांगणार, तोच वडिलांनी माझा हात दाबला आणि ते आणखी थोडे वाकले. परवा डॉक्टर म्हणाले, माझ्याही कमरेत मणक्याची नळी अरुंद झालीय. आता मीही चालताना मध्येच वाकते. लोक थांबून विचारतात, "माताजी, कुछ गिर गया क्या?"