एशमुरोदच्या डब्यातला वारा

तेरमेझ शहरात लग्नाची फिल्म चांगली हवी असेल तर लोक एशमुरोदकडे जातात, आणि लवकर हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे. त्याने काढलेलं लग्न बहुतेक जोडपी पहिलं मूल मांडीवर घेऊनच बघतात. एका पोराने तर पडद्याकडे बोट दाखवून आईलाच विचारलं होतं, ही नटलेली बाई कोण. पण माणसाचा हात असा, की पडद्यावर नवरीची आई रडायला लागली की बघणाऱ्या बायकांचे रुमाल डोळ्यांना लागतात. म्हणून शिव्या देत का होईना, लोक त्याच्याचकडे येतात.

उशिराचा दोष त्याने कधी स्वतःकडे घेतला नाही. दोष कॉम्प्युटरचा. तो त्याने बाजारातून एकेक भाग आणून स्वतः जुळवला होता, आणि पोटच्या पोरांपेक्षा त्याचं कौतुक जास्त. हिवाळ्यात तो गुणी बाळासारखा चाले. चिल्ला लागला, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात कडक दिवस आले, की फिल्म तयार होता होता तापायचा आणि न सांगता बंद पडायचा. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

या खेपेला मात्र गाठ शेजारच्या नोरबीबीशी होती. तिची सनोबर लग्न होऊन परवाच्या गाडीने नवऱ्याबरोबर रशियात निघणार होती, थेट बर्फाच्या मुलखात. परत कधी येईल ते नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

“एशमुरोद, डब्याला पुन्हा ताप आलाय म्हणे?” नोरबीबी दारातूनच म्हणाली.

“या ओपा, चहा घ्या. उद्या होईल.” एशमुरोद तिला ओपा, म्हणजे ताई म्हणे.

“उद्या तू मागच्या आठवड्यातही म्हणालास. पोरगी गेल्यावर काय त्या फिल्मचं लोणचं घालू? तिच्या शेजारी बसून बघायचीय मला. एकदाच.”

एवढं बोलून ती गादीवर बसली. चहा आला, नान आला, टरबूज आलं. ती उठेना.

एशमुरोदने फिल्म पुन्हा तयार करायला लावली. पडद्याच्या कोपऱ्यात आतल्या उष्णतेचा आकडा चढू लागला, तसा त्याच्या कपाळावर घाम चढू लागला. निम्म्यावर येताच पडदा काळा.

“मेला का?” नोरबीबीने विचारलं.

“दमला.”

“तुझ्यापेक्षा लवकर दमतो हा. कमाल आहे.”

त्याने उपाय केले नव्हते असं नाही. डब्याचं झाकण काढून पाहिलं, तर दक्षिणेकडून वारं सुटलं आणि आत अर्धं वाळवंट येऊन बसलं. मग पंखे वाढवले. पुढे दोन होते, वर एक बसवला. मागचा पंखा मुळात हवा बाहेर टाकणारा. पण वायरी आखूड, म्हणून डब्याची पाठ एशमुरोदच्या कमरेकडे, आणि वाऱ्याची एशमुरोदला फार धास्ती. समोरासमोरच्या दोन खिडक्या त्याच्या घरात कधी एका वेळी उघडल्या नाहीत. झोत गरम असो की गार, वारा तो वाराच, मूत्रपिंडं धरतो, असं त्याची आई सांगे. म्हणून त्याने मागचा पंखाही फिरवून आत फुंकणारा केला. वर हिशेब असा, की जितका वारा आत तितका गारवा जास्त. आणलेला गारवा बाहेर कशाला टाका?

दुपारी त्याची बायको अनोरगुल स्वयंपाकघरातून धुमसता इसिरीक घेऊन आली. मुलांवरून, म्हशीवरून, नव्या नवरीवरून दृष्ट काढायला ओवाळतात तोच पाला.

“आता हे काय?” एशमुरोद वैतागला. “यंत्राला कुठे दृष्ट लागते?”

“अहो, जो येतो तो म्हणतो, स्वतः बनवलाय, स्वतः बनवलाय. भिंतीलाही लागेल. सरका जरा.”

“सरक रे,” नोरबीबी म्हणाली. “तुझी विद्या पाहिली, आता तिची बघू.”

अनोरगुलने धूर डब्यावरून ओवाळला. पुढे धरला, पुढून आत गेला. वर धरला, वरून आत. मागे धरला, तर तिथूनही सर्रकन आत. तिघंही बघत राहिली. धूर जातोय खरा, पण निघतोय कुठून? बऱ्याच वेळाने सीडी घालायच्या फटीतून एक बारीकशी रेघ कुंथत बाहेर आली.

“ही बघ, बाई,” नोरबीबी म्हणाली. “आपल्या घरासारखंच. येणाऱ्याला दार, जाणाऱ्याला वाट नाही.”

एशमुरोद पेचकस शोधू लागला. वरचा पंखा उलटा केला, मागचा उलटा करताना मात्र त्याचा हात जरा रेंगाळला.

“अहो, वारा लागेल हं,” अनोरगुल अगदी काळजीने म्हणाली आणि तोंड रुमालात लपवलं.

त्याने ट्रंकेतून बाबांचा हिवाळी कमरबंद काढला, वेढ्यावर वेढे देत कमरेला बांधला, आणि भर चिल्ल्यात लोकर गुंडाळून पडद्यापुढे बसला. डब्याच्या पाठीकडून तंदूरसारखी झळ येऊ लागली. घाम टपटपत होता, पण आकडा चढता चढता थांबला आणि थोडा खालीही आला. एशमुरोदने श्वास रोखून धरला होता, नोरबीबीने टरबुजाची फोड. निम्मं गेलं. पाऊण गेलं. संध्याकाळी फिल्म पुरी झाली.

नोरबीबीने पेनड्राइव्ह रुमालाच्या गाठीत बांधला आणि म्हणाली, “चला दोघंही. आणि तो पट्टा सोड आधी, पाहुण्यांना वाटेल आजारी आहेस.”

तिच्या अंगणात गालिचे अंथरले होते. सनोबर आईला टेकून बसली. फिल्म लागली तशी मंडळी गर्दीत स्वतःला शोधू लागली, कोण किती जाड दिसतंय यावर हसू लागली. मग सनोबर पडद्यावर माहेरच्या उंबऱ्यातून बाहेर आली, आणि नोरबीबी म्हणाली, “थांबव. इथून परत लाव.”

परत लावलं. सनोबर पुन्हा उंबऱ्यातून निघाली. “अजून एकदा,” नोरबीबी म्हणाली. आता कुणी हसत नव्हतं.

पुढे करवल्यांचा नाच होता, आतषबाजी होती, एशमुरोदने जीव ओतून जुळवलेला शेवट होता. त्या रात्री तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही, आणि एशमुरोदही पुढचं लाव असं म्हणाला नाही.